जुनी पोयाक: बाटली उभी करण्यापासून शेवटच्या घोटापर्यंत

जुनी रेड वाइन पहिल्यांदा चाखणाऱ्याचा बहुतेक वेळा हिरमोड होतो, आणि त्यात वाइनचा दोष नसतो. इतकी वर्षं जपलेली, इतके पैसे मोजलेली बाटली म्हणजे आतून काहीतरी दणदणीत निघणार, अशी समजूत असते. ग्लासात येतं ते फिकट, विटकरी आणि अंगाने हलकं. वयाबरोबर वाइनचा जोर वाढत नाही, ओसरतो. वाढतात त्या वासाच्या छटा आणि तोंडातला मऊपणा. ज्याला हा सौदा पटत नाही त्याने वाइन पाच-सात वर्षांची असतानाच खुशाल प्यावी. जगातली बहुतेक वाइन तशीही दोन-चार वर्षांत संपवायलाच केलेली असते.

इथे एकच उदाहरण धरतो: फ्रान्समधल्या बोर्दो शहराच्या उत्तरेला, जिरोंद खाडीच्या डाव्या काठावर असलेल्या पोयाकची १९९६ सालची वाइन. बोर्दोच्या १८५५ च्या प्रतवारीतल्या एखाद्या शातोची, म्हणजे वाइनच्या मळ्याची, लँश-बाज किंवा पोंते-काने यांच्या पंगतीतली. पोयाकची जमीन खडीची. पाणी पटकन झिरपतं आणि उशिरा पिकणारं कॅबर्ने सोव्हिन्यों हे द्राक्ष तिथे खुलतं. १९९६ साली डाव्या काठावर कॅबर्ने उत्तम पिकलं, आंबटपणा आणि तुरटपणा दोन्ही भरपूर उतरले. त्यामुळे ही वाइन लांबच्या पल्ल्याची. पुढच्याच, म्हणजे १९९७ च्या वाइन लवकर पिकल्या आणि लवकर उतरल्या. लेबल तेच, शातो तोच, पण १९९७ आज कुणी कौतुकाने पुढे केली तर अपेक्षा बेताचीच ठेवावी.

बाटलीत इतकी वर्षं काय चालतं? द्राक्षाच्या सालीतली रंगद्रव्यं आणि तुरटी आणणारं टॅनिन एकमेकांना चिकटत जातात. साखळ्या लांबल्या की त्या विरघळलेल्या राहू शकत नाहीत, तळाला बसतात. हाच साका. रंग फिका पडतो तो यामुळे, आणि कच्च्या सुपारीसारखी जीभ ओढणारी तुरटी मवाळ होते तीही बरीचशी यामुळेच. ताज्या फळाचे वास विरत जातात. आंबटपणा आणि अल्कोहोल मात्र जवळपास जागच्या जागी राहतात. पुढे सगळं इथेच अडतं, कारण फळ उतरलं आणि आंबटपणा तसाच राहिला की वाइन पातळ, टोकदार लागायला लागते. फळ अजून शिल्लक आहे आणि तुरटी विरघळली आहे, असा मधला काळ पकडायचा असतो. चांगल्या पोयाकमध्ये तो दहा-पंधरा वर्षंही टिकतो. साध्या बोर्दोमध्ये वर्षा-दोन वर्षांत निघून जातो.

बाटली विकत घेताना किंवा तळघरातून काढताना आधी पातळी बघा. वाइनची कड मानेत किंवा मान जिथे खांद्याला मिळते तिथे असेल तर तीस वर्षांच्या मानाने उत्तम. खांद्याच्या वरच्या भागात असेल तर चालेल. खांद्याच्या मध्यावर आली असेल तर बुचाने दगा दिलाय असं समजून किंमत ठरवा. त्याखाली असेल तर घेऊ नका, साल कुठलंही असो. मग कॅप्सूल, म्हणजे बुचावरचं आणि मानेभोवतीचं आवरण, बोटाने फिरवून पाहा. फिरलं तर बरं. चिकटलं असेल आणि कडेला वाळलेला चिकट ओघळ असेल, तर कधीतरी वाइन बाहेर आली आहे.

ती बाहेर येते बहुधा उष्णतेने. दहा अंश तापमान वाढलं की ७५० मिलिलिटर वाइन साधारण दोन मिलिलिटर फुगते. ऐकायला क्षुल्लक. पण बाटलीच्या मानेचा आतला व्यास अठरा-एकोणीस मिलिमीटर, त्यामुळे तेवढ्याने पातळी सात-आठ मिलिमीटर वर चढते. बूच आणि वाइन यांच्यात मोकळी जागा असते ती दीडेक सेंटिमीटर. तेरा अंशांच्या तळघरातली बाटली मे महिन्यात गाडीच्या डिकीत चाळीस-पंचेचाळीस अंशांना पोहोचली की हिशोब संपलाच. बूच वर सरकतं, वाइन कडेने झिरपते, आणि गार झाल्यावर त्याच वाटेने हवा आत जाते. म्हणून बुचाचा माथा काचेच्या कडेच्या वर आलेला दिसला तर ती बाटली मी मोफतही घेणार नाही. बरं, मोफत असेल तर घेईन, पण पाहुण्यांसमोर उघडणार नाही.

साठवणीचे आकडे सगळ्यांना पाठ असतात: बारा ते चौदा अंश, साठ ते पंचाहत्तर टक्के आर्द्रता, अंधार, बाटली आडवी. आपल्याकडे घरात असं तळघर नसतं, म्हणून वाइनचा फ्रिज घेतला जातो आणि तिथे एक चूक वारंवार होते. छोटे, बिनआवाजाचे फ्रिज कॉम्प्रेसरवर चालत नाहीत. ते खोलीच्या तापमानापेक्षा ठरावीक अंशच खाली जाऊ शकतात. पुण्यात एप्रिल-मेमध्ये बंद घर अडतीस-चाळीस अंशांवर गेलं की त्यांना तेरा अंश गाठताच येत नाहीत. दहा वर्षं ठेवायची असेल तर कॉम्प्रेसरवालाच घ्या. स्वयंपाकघरातला फ्रिज चार अंशांचा आणि कोरडा. महिना-दोन महिने ठीक, वर्षानुवर्षं ठेवलं तर बूच सुकतं. पावसाळ्यात लेबलावर बुरशीचे ठिपके आले तर घाबरू नका, बुरशी लेबल खाते, वाइन नाही.

आता उघडण्याची तयारी. प्रवास करून आलेली जुनी बाटली निदान दोन-तीन आठवडे आडवी, गार जागी पडू द्या. मग पिण्याच्या तीन दिवस आधी अलगद उभी करा, तीही तळघरातल्याच तापमानाला. चोवीस तासांत जाड साका बसतो, बारीक बसत नाही, आणि तोंडात कडू, मातकट लागतो तो बारीकच. बोर्दोच्या बाटलीला खांदा असल्यामुळे ओतताना साका तिथे अडतो. इटलीची बारोलो वेगळी: तिच्या नेबिओलो द्राक्षाचा गाळ पिठासारखा बारीक असतो, म्हणून आठवडाभर उभी ठेवली तरी जास्त नाही.

कॅप्सूल मानेच्या खालच्या कडेपासून पूर्ण कापून काढा, कारण ओतताना मानेतून आरपार दिसायला हवं. १९९० च्या दशकाआधीच्या बाटल्यांवर शिशाचं कॅप्सूल असायचं. त्यांची कड ओल्या फडक्याने नीट पुसा. बुचाच्या माथ्यावर काळी बुरशी असेल तर तीही पुसून घ्या. त्यावरून आतल्या वाइनबद्दल काहीच कळत नाही.

बुचाची लांबी पन्नास मिलिमीटरच्या आसपास, आणि तीस वर्षांत त्याचा खालचा भाग वाइन पिऊन मऊ झालेला, वरचा सुकलेला. ओढल्यावर ते बरोबर या दोघांच्या सांध्यावर तुटतं. वेटरच्या घडीच्या स्क्रूने हे काम होतं, पण स्क्रू पाच वेढ्यांचा हवा आणि शेवटपर्यंत आत जायला हवा. अर्धवट घातला की वरचा सुका भाग हातात आणि खालचा मानेत. दोन पात्यांचा चिमटा, ज्याला आह-सो म्हणतात, तो जुन्या बुचाला जास्त मानवतो. लांब पातं आधी, मग आखूड, दोन्ही काच आणि बूच यांच्यामध्ये डोलवत खाली न्यायची, आणि पिळत पिळत वर ओढायचं. धोका एकच: बूच आधीच सैल असेल तर पाती त्याला खाली ढकलतात आणि ते वाइनमध्ये पडतं. म्हणून सर्वांत भरवशाचं साधन दोन्ही एकत्र असलेलं: आधी मधोमध स्क्रू घालून बूच धरून ठेवायचं, मग कडेने पाती घालायची, आणि दोन्ही एकदम पिळत काढायची. ड्युरँड नावाने हे मिळतं. महाग आहे. वर्षातून एखादीच जुनी बाटली उघडत असाल तर घडीचा स्क्रू आणि साधा आह-सो एकाच वेळी लावूनही जमतं, जरा कसरत होते इतकंच.

तुटलंच तर घाई करू नका. उरलेल्या तुकड्यात स्क्रू तिरका घाला, म्हणजे तो काचेच्या भिंतीवर दाबून वर येतो. तरीही हलला नाही तर आत ढकला आणि पूर्ण वाइन मलमलीतून गाळून घ्या. मलमल आधी नुसत्या गरम पाण्यातून काढा, साबणाशिवाय. कॉफीचा कागदी फिल्टर वाइनला कागदाचा वास लावतो.

बूच निघालं की त्याचा ओला भाग बघा. वाइनचा डाग तळापासून तीन-चार मिलिमीटर चढलेला असेल तर झकास. एका बाजूने माथ्यापर्यंत काळी रेघ गेली असेल तर तिथून गळती झाली आहे. तळाशी चमकणारे खडे टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे असतात, निरुपद्रवी. काचेचे तुकडे समजून वाइन ओतून दिल्याची उदाहरणं आहेत.

मग तीस मिलिलिटर ग्लासात घेऊन वास घ्या. पहिला वास जुन्या बाटलीत जवळजवळ नेहमीच कोंदट येतो: बंद कपाट, ओली माती, थोडं गंधक. इथेच नवखे लोक बाटली बाद करतात. दहा-पंधरा मिनिटं थांबा. कोंदटपणा त्यात उडून गेला तर तो नुसता बाटलीत कोंडलेला वास होता. उलट हवा लागल्यावर ओल्या पुठ्ठ्याचा, भिजलेल्या गोणपाटाचा वास वाढत गेला आणि फळ मुकं झालं, तर ते बुचातलं टीसीए नावाचं रसायन. लिटरमागे काही नॅनोग्रॅम एवढ्यानेच नाकाला कळतं आणि त्याच्यावर खरा इलाज नाही. स्वयंपाकघरातली पॉलिथिनची पातळ फिल्म वाइनमध्ये बुडवून ठेवली तर ती टीसीए थोडंफार ओढून घेते, पण सोबत वाइनचा चांगला वासही नेते. नेलपॉलिशचा आणि व्हिनेगरचा वास हलका असेल तर जुन्या वाइनमध्ये सोसतो, नाकात चढणारा असेल तर नाही. घोड्याच्या खोगिराचा, गोठ्याचा वास ब्रेटानोमायसिस नावाच्या यीस्टचा. त्या काळच्या बोर्दोमध्ये तो बऱ्याचदा सापडतो. थोडा असला तर कित्येकांना तो आवडतोही. मला एका मर्यादेपर्यंत. शिजवलेला मनुका, कॅरमेल आणि चव सपाट, असं असेल तर वाइन तापली होती. आणि भिजवलेले अक्रोड, कापून काळं पडलेलं सफरचंद, रंग चहासारखा, असं असेल तर हवा गेली आहे.

निथळावी की नाही, म्हणजे साका मागे ठेवून वाइन दुसऱ्या भांड्यात ओतावी की नाही, यावर जाणकारांमध्ये दोन तट आहेत. बोर्दोचे वाइनतज्ज्ञ एमिल पेनो यांचं म्हणणं स्पष्ट होतं: साका असेल तरच निथळा, आणि तीही पिण्याच्या अगदी आधी, कारण हवेत ठेवल्याने वास पसरून पातळ होतो. फ्रेंच संग्राहक फ्रांस्वा ओदूझ जुन्या बाटल्यांचं बूच चार-पाच तास आधी काढतात आणि वाइन निथळत नाहीत. ती तशीच गार जागी उभी ठेवतात, म्हणजे मानेतल्या रुपयाएवढ्या पृष्ठभागातूनच हवा लागते. तरुण वाइनच्या सवयीने तीस वर्षांची वाइन रुंद बुडाच्या भांड्यात तीन तास ठेवणं मात्र दोन्ही तटांना मान्य नाही. ती जेवणाआधीच संपलेली असते. १९९६ च्या पोयाकसाठी मी असं करेन: बूच दोन तास आधी काढायचं, वास तपासायचा, आणि वाढण्याच्या वीस मिनिटं आधी अरुंद भांड्यात निथळायची. २००५ ची असेल तर तास-दीड तास आधी निथळली तरी बिघडत नाही, ती अजून कडक आहे. १९८२ किंवा त्याआधीची असेल तर निथळताक्षणी वाढा.

निथळताना मोबाइलचा दिवा टेबलावर वर तोंड करून ठेवा, त्यावर टिश्यू पेपरची एक घडी, नाहीतर डोळे दिपतात. बाटलीचा खांदा त्या उजेडावर आणा आणि एकाच संथ धारेत ओता. मध्ये थांबून बाटली सरळ केली की साका परत ढवळतो आणि तीन दिवसांची मेहनत फुकट जाते. दीड-दोन मिनिटं लागतात. सुरुवातीला धार पारदर्शक, विटकरी असते. मग खांद्याच्या कडेशी धुरासारखी एक बारीक रेघ सरकताना दिसते. ती मानेकडे निघाली की थांबा. मागे चाळीस-पन्नास मिलिलिटर राहील, राहू द्या. सातशे मिलिलिटर वाइन सहा जणांना प्रत्येकी दोनदा पुरते, आणि इतकी जुनी वाइन सहाजणांत वाटणंच योग्य.

वाढताना वाइन सोळा अंशांची असावी. ग्लासात ती आपोआप अठरावर जाते. ‘खोलीच्या तापमानाला वाढा’ हा सल्ला दगडी भिंतींच्या युरोपी घरांचा आहे. मुंबईतली खोली तीस अंशांची, तिथे जुनी वाइन नुसती अल्कोहोलचा भपकारा देते. भांडं गार पाण्याच्या पातेल्यात ठेवा, बर्फात नको.

आणि खोलीतले वास आवरा. उदबत्ती नको, गजरा नको, अत्तर नको, आणि शेजारी लसणाची फोडणी तर नकोच. ग्लास लाकडी कपाटात पालथे ठेवलेले असतील तर त्यात कपाटाचा वास भरलेला असतो. पाण्याने धुऊन, एखाद्या साध्या वाइनच्या दोन चमच्यांनी खळबळून घ्या.

रंग पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका धरून बघतात. मधला भाग डाळिंबी, कडेला नारिंगी-विटकरी पट्टा: हे वय. पट्टा एखाद्या सेंटिमीटरचा आणि मध्यावर अजून लाली असेल तर ऐन भरात. मध्यही तपकिरी झाला असेल तर उतार लागला. पिवळ्या दिव्याखाली प्रत्येक वाइन म्हातारी दिसते, तेवढं लक्षात ठेवा.

वास आधी ग्लास न हलवता घ्या. जुन्या वाइनचा सर्वांत नाजूक थर वरच असतो आणि जोराने फिरवलं की तो उडतो. चांगल्या पोयाकमध्ये पहिल्यांदा देवदाराचं लाकूड आणि पेन्सिल तासल्यावरचा वास येतो, मग सिगारची पेटी, सुकी तंबाखूची पानं, चामडं. त्याखाली ब्लॅककरंटचं उरलेलं फळ. अर्ध्या तासाने पाचोळा, मशरूम, थोडी कस्तुरीसारखी झाक. शिमला मिरचीचा हिरवा वास कॅबर्नेचा स्वतःचा, आणि तो वयाने फारसा जात नाही. द्राक्षं नीट न पिकलेल्या सालात तो तीस वर्षांनीही समोर येतो.

घोट दहा-पंधरा मिलिलिटरचा, दहा सेकंद तोंडात. हिरड्यांवर लक्ष द्या: तुरटी मखमली होऊन सगळीकडे सारखी पसरते की पुढच्या दातांमागे खरखरीत बसते? मग मधला भाग, म्हणजे घोट तोंडात असताना चव भरीव राहते की पोकळ होते. दमलेल्या वाइनचा वास कधी कधी सुंदर असतो आणि मध्य रिकामा. वासावर भाळून गुण देणारे इथे फसतात. गिळल्यावर चव वीस-तीस सेकंद रेंगाळली, आणि शेवटी आंबटपणा नव्हे तर देवदार आणि फळ उरलं, तर बाटली उत्तम ठेवलेली होती.

दर पंधरा मिनिटांनी परत चाखा. सशक्त वाइन पाऊण तासात चढत जाते आणि तासभर तिथेच राहते. नाजूक वाइन वीस मिनिटं उजळते आणि मग फळ ओसरून नुसता आंबटपणा आणि अल्कोहोल उरतं. कुठली कशी वागेल हे एकाच पेटीतल्या दोन बाटल्यांतही सारखं नसतं, कारण प्रत्येक बूच हवा वेगळ्या प्रमाणात आत सोडतं.

सोबत जेवण साधं. पोयाकमध्ये दुधावर वाढलेल्या कोकराचं मटण भाजून देतात. आपल्याकडे आळणी मटणाचे तुकडे तुपावर परतून, मीठ बेताने, हे या वाइनला फार छान जातं. तांबड्या रश्शाला ही बाटली उघडू नका. मिरचीने अल्कोहोल तिखट लागतं, तुरटी परत टोकदार होते आणि बारीक वास मरतात. तिखट जेवणाला नाशिकची ताजी, फळाळ शिराझ केव्हाही सरस. नाशिक किंवा अकलूजच्या वाइन अशा साठवाव्यात का, हे हमखास विचारलं जातं. बहुतेक रेड दोन-चार वर्षांत प्याव्यात. सँजिओव्हेझे आणि कॅबर्ने या द्राक्षांची फ्रातेल्ली सेत्ते किंवा एखादी चांगली रिझर्व्ह शिराझ तेरा अंशांवर पाच-सहा वर्षं ठेवून बघण्यासारखी, पण वीस वर्षांचा बेत नको. स्क्रूकॅप बघून नाक मुरडू नका, तिथे निदान बुचाची भानगड नाही.

वाइन उरलीच तर छोट्या बाटलीत काठोकाठ भरून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत संपवा. तळाचा साका मलमलीतून गाळून मटणाच्या रसात घालता येतो.

पेटीत अजून बाटल्या असतील तर या बाटलीवरून पुढचा निर्णय घ्या. तुरटी अजून जीभ सुकवते आणि मागे फळ दिसतं, तर पुढची तीन-चार वर्षांनी काढा. तुरटी विरघळलेली, फळ शाबूत, वाइन तासभर टिकली, तर वर्षाला एक. ग्लासात अर्ध्या तासाच्या आत फळाच्या पुढे आंबटपणा गेला, तर उरलेल्या सगळ्या पुढच्या थंडीपर्यंत संपवा.